हेडफोन डोक्यावर नीट बसलाय का, आधी ते बघू

मागच्या महिन्यात या पानावर शेवटी थोडी जागा उरली होती म्हणून एक ओळ टाकली, की महागाचा हेडफोन घेतलाय आणि तो कपाटात पडून आहे असं कुणाचं असेल तर लिहा. दोन-चार पत्रं येतील असं वाटलेलं. पण अर्धं नाशिक कपाटं उघडून बसलं की काय देव जाणे, सातपूरपासून देवळाली कॅम्पपर्यंत सगळीकडून पत्रं आलीत आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच, आता पुढे काय घेऊ, ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) घेऊ की केबल घेऊ की हेडफोनच बदलू. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून स्टुडिओपर्यंत साउंडचंच काम करत आलोय, दिवसाचे सहा-सात तास डोक्यावर हेडफोन असतो, म्हणून सांगतो, अजून काही घेऊ नका. जो आहे तो आधी डोक्यावर बसवा. नावं कुणाचीच छापत नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

दादा, दिवाळीच्या बोनसमधून मोठ्या हिमतीने ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) ओपन-बॅक, म्हणजे बाहेरून जाळीच्या कपांचा, हेडफोन घेतला. आवाजाबद्दल तक्रार नाही, पण अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागतात, जबड्यापाशी दुखतं, आणि मला चष्मा आहे तर काडी अशी रुतते की काढल्यावर खळगा दिसतो. बायको म्हणते परत कर. परत करायची मुदत संपली. काय करू? (गंगापूर रोड)

मुदत संपली ते बरंच झालं असं म्हणेन मी. अहो नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावतेच की, म्हणून कुणी फेकून देतं का, तेल लावतो, घरातल्या घरात घालून फिरतो, मग ती पायाची होते. हेडफोनचंही तसंच. कंपन्या मुद्दाम घट्ट देतात कारण घट्ट हेडफोन सैल करता येतो, सैल झालेला परत घट्ट करणं अवघड. शिवाय कपने डोक्याला धरून ठेवलं नाही तर बास (खालचे घुमणारे सूर) गळतो आणि मान हलवली की हेडफोन घसरतो.

आता सैल कसा करायचा. पहिली पायरी फुकट आणि बिनधोक आहे, रात्री झोपताना हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा. गठ्ठा तुमच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा साधारण दोन बोटं जास्त, त्याहून नको. मी जुने दिवाळी अंक वापरतो, एक-एक अंक वाढवत नेता येतो आणि तेवढाच त्यांचा उपयोग. फक्त गठ्ठ्याच्या बाजू सपाट असू देत, पुस्तकाचा कोपरा पॅडमध्ये रुतला तर तिथे कायमचा खड्डा पडेल. रोज सकाळी घालून बघायचं. चार-पाच रात्रींत फरक कळतो, नाही कळला तर दुसरी पायरी.

दुसरी पायरी हाताने. इथे आधी तुमच्या हेडबँडमध्ये धातूची पट्टी कुठे आहे ते शोधा. काही हेडफोनात लांबी वाढवायला कप खाली ओढला की स्टीलची चपटी पट्टी बाहेर येते, काहींत सगळा पट्टाच स्प्रिंग स्टीलचा असतो आणि वर गादी. वाकवायचं ते फक्त या धातूला. लांबी पूर्ण बाहेर काढायची, दोन्ही हातांनी धातूचाच भाग धरायचा आणि बाहेरच्या बाजूला हळूच सरळ करायचा, इतका हळू की काही झालंय की नाही अशी शंका यावी. मग दुसरी बाजू तेवढीच. मग घालून एक दिवस वापरायचा. घाईत एकदम वाकवणारे नंतर उलट वाकवत बसतात आणि स्टीलला ते मागेपुढे आवडत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्याला मात्र हात लावू नका, आणि हेअर ड्रायरने गरम करून वाकवा असं कुणी सांगितलं तर त्याला नमस्कार करा. मी स्वतः एकदा घडीचा प्लास्टिकवाला हेडफोन फाकवायला गेलो होतो, कडक् असा आवाज आला तो अजून आठवतो, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बाकीचं मी एक कप कानाला हाताने धरून केलं.

आता लांबी. हे कुणी करतच नाही. दुकानातून आणला तसाच डोक्यावर. पट्टा आखूड ठेवला की सगळं वजन टाळूवर येतं आणि कप कानाच्या वरच्या टोकाला घासतात, जास्त लांब ठेवला की कप खाली लोंबतात आणि जबड्याच्या सांध्यावर दाबतात, तुमचं जबडा दुखणं बहुधा तेच आहे. दोन्ही बाजू पूर्ण लांब करा, कप आधी कानांवर नीट बसवा, कान सगळा आत गेला पाहिजे, पाळी दुमडलेली नको, आणि मग पट्टा हळूहळू खाली आणा, टाळूला नुसता टेकला की थांबा. दोन्ही बाजूंचे टक्-टक् मोजा. एखादा टक् कमीजास्त निघाला तर घाबरू नका, आपले दोन कान एका उंचीवर असतातच असं नाही, हेडफोनच्या खुणांपेक्षा कानाचं ऐका.

राहिला चष्मा. जाड प्लास्टिकची काडी पॅडखाली गेली की दोन गोष्टी होतात, एक तर ती रुतते आणि दुसरं म्हणजे काडीच्या वरखाली फट राहते तिथून बास निघून जातो. तुमचा ओपन-बॅक आहे म्हणून ते तुम्हाला कमी जाणवत असेल, बंद हेडफोनात लगेच कळतं. बारीक तारेच्या काडीचा जुना चष्मा घरात असेलच, तो हेडफोनसाठी ठेवा. नसेल तर आधी हेडफोन घालून मग चष्म्याची काडी पॅडच्या वरच्या कडेवरून सरकवून बघा, काहींना जमतं, काहींचा चष्मा नाकावरून घसरतो. मखमलीचे म्हणजे वेलूरचे पॅड चामड्यासारख्या पॅडपेक्षा काडीला जरा जास्त माफ करतात.

आणि हो, हे सगळं झाल्यावर एक खेळ करा. ओळखीचं गाणं लावा, डोळे मिटा आणि कप अर्धा बोट पुढे, मग मागे, मग खाली सरकवून ऐका. आवाज बदलतो. खरंच बदलतो, कारण वरच्या सुरांचा आवाज कानाच्या पाळीच्या वळणावळणांवर आपटून आत जातो आणि ड्रायव्हरची, म्हणजे कपमधल्या आवाज काढणाऱ्या भागाची, जागा हलली की ते आपटणं बदलतं. बहुतेकांना कान कपमध्ये जरा मागच्या बाजूला ठेवला की गाणं डोक्यात न वाजता थोडं समोर वाजल्यासारखं वाटतं. हजारो रुपयांची केबल बदलून एवढा फरक मला कधी ऐकू आलेला नाही.

मी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाते-येते, आठवड्यातून तीनदा. नॉइज कॅन्सलिंगचा चांगला ब्लूटूथ हेडफोन आहे. घरी मस्त वाजतो, गाडीत मात्र बास गायब आणि गाडीचा घरघर आवाजही पूर्ण जात नाही. बिघडलाय का? शिवाय ऑफिसच्या मीटिंगला लावला की गाण्याचा दर्जा एकदम डबड्यासारखा होतो.

बिघडलेला नाही ताई. घरी केस मोकळे असतात आणि गाडीत जाताना वेणी-क्लिप-अंबाडा आणि कानात काहीतरी लोंबतं असतं, बरोबर ना? माझ्या बहिणीचं अगदी हेच झालं होतं. पॅड आणि कातडी यांच्यात केसांची बट किंवा झुमका आला की फट पडते, आणि फटीतून सगळ्यात आधी बास पळतो. नॉइज कॅन्सलिंगही याच कामात लटकतं, कारण ते मुख्यतः खालच्या, एकसुरी आवाजांवर चालतं, चाकांची घरघर, एसीचा हूं. बाहेरचा आवाज माइक ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो, पण फटीतून दोन्ही लाटा इकडेतिकडे झाल्या की वजाबाकी बरोबर येत नाही. तर केस पॅडच्या बाहेर मागे घ्या, झुमक्यांच्या जागी कुडी घाला, आणि तपासायचं असेल तर बास असलेलं काहीतरी लावून दोन्ही तळव्यांनी कप हलके दाबा. दाबल्यावर बास फुगला तर गळती आहे, तसाच राहिला तर बसवणं ठीक आहे. ही परीक्षा सगळ्यांनीच करावी, चष्मेवाल्यांनी तर जरूर.

आणि पासधारकांची पत्त्यांवरची भांडणं काही नॉइज कॅन्सलिंगने जाणार नाहीत, माणसांचा आवाज वरचा आणि सारखा बदलणारा असतो, तो निम्माच कमी होतो. त्यावर उपाय इगतपुरीपर्यंत झोप.

मीटिंगचं म्हणाल तर ब्लूटूथवर हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाची जागा आकसते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा. एवढंच.

नमस्कार. मी निवृत्त आहे, वय ६८, शास्त्रीय संगीताची आवड. मुलाने परदेशातून प्लॅनार का काय म्हणतात तो हेडफोन आणून दिला, वजन केलं तर जवळजवळ ६०० ग्रॅम भरलं. मान अवघडते, टाळू दुखते, आणि मोबाईलला लावला तर आवाज लहान येतो. मुलाला सांगवत नाही, एवढ्या प्रेमाने आणलाय. (देवळाली कॅम्प)

काका, मुलाला सांगू नका, गरजच पडणार नाही. प्लॅनारमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याच्यावर तारांची नक्षी, आणि पडद्याच्या एका किंवा दोन्ही अंगांना चुंबकांच्या पट्ट्या. वजन त्या चुंबकांचं. अंदाजासाठी सांगतो, सेनहायझरचा १९९७ पासून चालत आलेला एचडी ६०० हा २६० ग्रॅमचा, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० चा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. म्हणजे तुम्ही डोक्यावर दोन हेडफोन घालून बसता असं समजा.

वजन कमी करता येत नाही, वाटता येतं. तुमच्या हेडबँडखाली वेगळी चामड्याची झोळीसारखी पट्टी लोंबती आहे का बघा, असेल तर तिची लांबी अशी लावा की वजन टाळूच्या एका ठिपक्यावर न येता हातभर नाही तरी चार बोटं पसरेल. नसेल तर पट्ट्याला गुंडाळायची मऊ गादी मिळते, आणि ती मिळेपर्यंत सुती मफलरची घडी चालते. मी हसत नाही, मी स्वतः टाळूवर केस कमी झाल्यापासून हेच करतो. पण निफाडचा पारा उतरला म्हणून लोकरीची कानटोपी घालून त्यावर हेडफोन घालू नका, टोपी कानावरून वर घ्या, नाही तर पॅडखाली लोकर आली की वर ताईंचं झालं तेच होणार.

दुसरं म्हणजे तुम्ही ऐकताना मान खाली घालून पेपर वाचता का, किंवा मांडीवर मोबाईल? ६०० ग्रॅम सरळ मानेवर असताना ठीक असतात, मान पुढे वाकली की ते पुढे ओढायला लागतात. खुर्चीत ताठ बसा, पण खुर्चीची उंच पाठ कपला मागून ढकलत नाही ना ते बघा. केबल जाड असेल तर तिला खांद्यावरून मागे घ्या किंवा कॉलरला चिमटा लावा, तिचं वजन एका कपला ओढत राहतं आणि आपल्याला वाटतं हेडफोन वाकडा आहे.

पॅड एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असतील तर जाड बाजू कानामागे. कधी कधी साफ करताना काढून उलटे लावले जातात आणि मग आवाज विचित्र पातळ होतो. आणि घालताना-काढताना कप दाबत झटका देऊ नका, बंद झालेली हवा त्या पातळ पडद्याला ढकलते, कधी कधी चुरचुर ऐकू येते ती त्याचीच. आधी एक कप जरासा उचलून हवा सोडा, मग काढा.

आवाज लहान येतो तो मोबाईलला हेडफोन जोडायच्या छोट्या डोंगलमुळे. असे डोंगल साधारण एक व्होल्टच्या आसपास देतात. एक व्होल्टवर ३०० ओहमच्या हेडफोनला फक्त ३.३ मिलिवॅट मिळतात, ३२ ओहमच्याला ३१. तुमच्या प्लॅनारचे ओहम कमी असले तरी त्याला करंट जास्त लागतो आणि डोंगल तिथे दमतो. तर तुम्हाला खरोखर एक साधा टेबलावरचा ॲम्प हवा, आजच्या पानावर ज्यांना मी ॲम्पवर खर्च करा म्हणतोय ते तुम्ही एकटे. महागडा नको. आत डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनला कळेल असा सिग्नल करणारा भाग) आहे एवढं बघा म्हणजे कॉम्प्युटरला थेट जोडता येईल.

पण काका, एक सावधगिरी. वयाबरोबर वरचे सूर ऐकू येणं सगळ्यांचंच कमी होतं, तानपुऱ्याची जवारी पूर्वीसारखी चमकत नाही असं वाटायला लागतं, आणि मग हात आवाजाच्या बटणाकडे जातो. ॲम्प आला की तिथे भरपूर ताकद असेल. आवाज वाढवण्याऐवजी वरचे सूर दोन-तीन डेसिबल उचलून बघा, कसे ते खाली एका विद्यार्थ्याला सांगितलंय.

पॅडचं काळं रेक्झिन सुटायला लागलं, कानाला मानेला काळे तुकडे चिकटतात, घरचे म्हणतात कोंडा झालाय. ऑनलाइन चारशेचे पॅड मागवून लावले तर हेडफोनचा आवाजच बदलला, सगळं लांबून येतंय. ओरिजिनल पॅड तीन हजारांना आहेत. (सिडको)

तीन हजारांचे घ्या. हे लिहिताना मलाही त्रास होतोय. पण पॅड म्हणजे नुसती गादी नाही, तो हेडफोनच्या आवाजाचा भाग आहे, आतला स्पंज किती दाट, पॅड किती उंच, कडेला भोकं आहेत की नाहीत, यावर ड्रायव्हर कानापासून किती लांब आणि हवा किती बंद ते ठरतं. तुमचे चारशेचे उंच असणार म्हणून लांबून येतंय. उलटही होतं, वर्षानुवर्षं वापरून पॅड चपटे झाले की ड्रायव्हर कानाला जवळजवळ टेकतो आणि लोक म्हणतात हेडफोन म्हातारा झाला. म्हातारा पॅड झालेला असतो.

रेक्झिन सुटतं ते घाम, डोक्याचं तेल आणि दमट हवा यांनी, त्या पॉलियुरेथेनचे रेणू पाण्याने हळूहळू तुटतात. जूनपासून चार महिने आपल्याकडे चादरी वाळत नाहीत तिथे पॅडची काय कथा. तर वापरून झाला की कोरड्या मऊ कपड्याने पुसा, आठवड्यातून एकदा किंचित ओल्या, सॅनिटायझर आणि स्पिरिट नाही, त्याने रेक्झिन आणखी लवकर जातं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वेलूर असेल तर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतो, सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही. आणि डोक्याला तेल चोपडलंय त्या दिवशी स्पीकरवर ऐका.

एम. जी. रोडवर पॅड मिळतील पण मॉडेल नंबर दाखवून घ्या, "याला बसतो साहेब" हे खरं असतं, बसतो, वाजत नाही.

काही छोटे प्रश्न भराभर घेतो. एकाने विचारलंय की नवा हेडफोन शंभर तास वाजवत ठेवायचा का, बर्न-इन करायला. वाजवत ठेवायचा पण डोक्यावर घालून, कारण त्या काळात खरं बदलतं ते पॅड मऊ होणं आणि आपल्या कानांची सवय. कपाटात रात्रभर वाजवून फक्त वीज जाते.

मखमलाबादच्या एका तबलजींना डग्गा वाजला की डाव्या कपातून भुणभुण येते. दहातल्या नऊ वेळा आत गेलेला केस असतो, पडद्याला टेकून थरथरतो. पॅड काढा, आतला पातळ स्पंज हलकेच उचला, उजेडात बघा, चिमट्याने केस घ्या. व्हॅक्यूम क्लीनर किंवा ब्लोअर लावलात तर केसाबरोबर पडदाही जाईल.

उजवीकडून आवाज कमी येतो अशी तीन पत्रं आहेत. तिघांनीही एक करा, हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. कमी आवाज आता डाव्या कानात आला तर दोष हेडफोनचा किंवा केबलचा, जॅक पूर्ण आत गेलाय का बघा. कमीपणा उजव्या कानातच राहिला तर हेडफोन निर्दोष आहे, कानात मळ असेल, डॉक्टरकडून काढून घ्या, बड घालून आणखी आत ढकलू नका.

दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन सेकंडहँड घेतला. डिटेल भारी पण 'स' आणि झांजा कानात टोचतात, दहा मिनिटांत थकवा येतो. ग्रुपवर म्हणतात बॅलन्स्ड केबल घे, सगळं मऊ होईल. पैसे साठवू का? (पंचवटी)

नको रे. त्या पैशात मित्रांना वर्षभर मिसळ खायला घाल. बॅलन्स्ड जोडणी म्हणजे डाव्या-उजव्या कपला वेगवेगळ्या तारा, तिने काही ॲम्पमधून जास्त ताकद मिळते एवढंच, टोचणारा सूर टोचतच राहतो. तुला हवाय इक्वलायझर (ईक्यू), म्हणजे वरचे-खालचे सूर हवे तसे कमीजास्त करायचं साधन, आणि तो फुकट आहे.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ टाक, त्याला पीस नावाचं सोपं तोंड मिळतं. अँड्रॉइडवर वेव्हलेट. तयार सेटिंग हवं असेल तर ऑटोईक्यूमध्ये तुझ्या मॉडेलचं नाव शोध, लोकांनी मोजलेल्या आलेखांवरून ते बनवलेलं असतं. बहुतेकांचं लक्ष्य हार्मन या कंपनीचा आलेख असतो, शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी ऐकणाऱ्यांना बसवून, तुम्हाला कोणता आवाज आवडतो असं विचारून साधारण २०१३ पासून तो घडवला. सरासरी माणसाचा आहे. तू सरासरी नाहीस, तुझा कान तुझा आहे, म्हणून नुसतं तयार सेटिंग टाकून थांबू नकोस.

बेयरडायनॅमिकच्या डीटी ९९० सारख्या हेडफोनात मोजमापात ८ किलोहर्ट्झच्या आसपास टेकडी दिसते, तुझी कुठे आहे ते तूच शोध. आवाज अगदी लहान कर, हे विसरू नकोस, आणि साध्या सुराचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत हळू फिरव. जिथे सूर एकदम उसळून कानात सुई गेल्यासारखं वाटेल तो आकडा लिहून ठेव. हेडफोन काढून परत घालून पुन्हा एकदा कर, कारण बसवण्यातल्या फरकाने आकडा सरकतो, दोन्हींच्या मधला घे. तिथे एक पीक फिल्टर (तेवढाच एक सूर कमीजास्त करणारा) लाव, उणे ४ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३ च्या आसपास. ऐक. कमी वाटला तर उणे ६. त्यापुढे शक्यतो जाऊ नकोस, नाही तर झांज फडक्यात गुंडाळल्यासारखी वाजेल.

बास हवा असेल तर १०५ हर्ट्झवर लो शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकत्र उचलणारा फिल्टर), अधिक ४, क्यू ०.७. आणि जेवढं सगळ्यात जास्त वाढवलंस तेवढंच प्रीॲम्प (ईक्यूमधला एकूण आवाजाचा आकडा) खाली, म्हणजे इथे उणे ४, नाही तर मोठ्या ठिकाणी आवाज फाटेल आणि तू हेडफोनला शिव्या देशील. देवळालीच्या काकांनी वरचे सूर उचलायचे तर ४ किलोहर्ट्झच्या वर हाय शेल्फ (वरचे सगळे सूर एकत्र उचलणारा), अधिक २ किंवा ३, आणि प्रीॲम्प तेवढंच खाली.

तुलना करताना एक फसगत सगळ्यांची होते. जे जरा मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं. ईक्यू चालू-बंद करताना दोन्हीकडे आवाज सारखा करून घे, मग ठरव. ती ग्रुपवरची केबलवाली मंडळी हे करत नाहीत.

आणि हे सगळं करायच्या आधी पॅड बघ. सेकंडहँड आहे ना? आधीच्या मालकाने चपटे केलेले असतील तर टोचण्याचं निम्मं कारण तेच.

मी ढोल पथकात आहे. सरावानंतर घरी येऊन हेडफोन लावला की आवाज मंद वाटतो आणि मग वाढवावा लागतो. हेडफोनला काही सेटिंग? (जेल रोड)

हेडफोनला काही नाही, कानाला आहे. आपला नाशिक ढोल जवळून सहज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. शंभरपर्यंत पोचेस्तोवर आठवड्याला वीस मिनिटं उरतात. तुझा आठवड्याचा कोटा पहिल्या दोन गजरांतच संपतो. त्यानंतर जे मंद ऐकू येतं ते थकलेल्या कानाचं, त्यावर आणखी आवाज चढवू नकोस. सरावाला इअरप्लग घाल, पथकात हसतील, हसू देत. सरावाच्या दिवशी हेडफोन नाही. आणि रात्री शांततेत कानात शिट्टी वाजते का ते बघ, दुसऱ्या दिवशीही वाजत असेल तर ईएनटीकडे जा, मला पत्र लिहू नकोस.

आमचे हे संध्याकाळी हेडफोन घालून बसतात ते कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी उठत नाहीत, दारावरची बेल नाही, माझी हाक नाही. असं काही करता येईल का की गाणं पण ऐकू येईल आणि मी पण? (इंदिरानगर)

येईल ना वहिनी. पुढच्या वाढदिवसाला ओपन-बॅक द्या, ज्याचे कप बाहेरून जाळीचे असतात. १९६८ साली सेनहायझरने पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ काढला तेव्हापासून ही जात आहे, हवा आणि आवाज आरपार जातो, गाणं मोकळं वाजतं आणि कुकरही स्पष्ट ऐकू येतो. फक्त आरपार म्हणजे दोन्हीकडून, त्यांची गाणी शेजारी बसून तुम्हालाही ऐकावी लागतील. ते कोणती ऐकतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे शिफारस जपूनच करतोय.